पेटीतला फोटो आणि बंद झालेला स्टुडिओ

जवळपास प्रत्येक घरात एक लोखंडी पेटी असते. जुन्या पावत्या, शाळा सोडल्याचे दाखले आणि लग्नातले लुगडे यांच्या खाली, पेटीच्या तळाशी जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो सापडतो. आजोबा खुर्चीवर बसलेले असतात, दोन्ही हात गुडघ्यांवर आणि नजर थेट समोर. बाजूला आजी डोक्यावरून पदर घेऊन उभी असते. मधे एक लेकरू असते, त्याचे डोळे कॅमेऱ्याला भ्यालेले. मागच्या पडद्यावर बंगला आणि कारंजे रंगवलेले असते. आजोबांच्या अंगातला कोट त्यांचा नसतो, तो स्टुडिओचा असतो. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात स्टुडिओचे नाव आणि त्याखाली ‘अमरावती’ किंवा ‘अकोला’ असे उठावदार अक्षरात छापलेले असते.

तो फोटो हातात घेऊन आज राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या टिळक रोडवर त्या नावाची पाटी शोधायला निघालात, तर ती सापडेलच असे नाही. बहुतेक ठिकाणी आता मोबाइलचे किंवा कपड्याचे दुकान दिसेल. फोटो आहे, पण फोटो काढणाऱ्याचा ठावठिकाणा नाही. हे कसे घडले आणि त्यात आपले काय गेले, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा असे वाटते, म्हणून हा लेख.

आमच्या घरचीच गोष्ट सांगते. माझे माहेर अकोल्याचे, सासर अमरावतीचे. वडील जिनात कामाला होते. सरकीच्या धुळीने त्यांचा चेहरा कायम थकलेला असे आणि कॅमेरा समोर आला की तो आणखी गंभीर होई. १९९१ साली थोरल्या बहिणीचे लग्न अकोल्यात झाले. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांसमोर मंगल परिणय झाला, जेवणे उठली आणि कुणीतरी काहीतरी बोलले, तेव्हा वडील खळखळून हसले. नेमका तो क्षण फोटोग्राफरने टिपला. वडिलांचा हसरा असा तेवढा एकच फोटो. ते गेल्यावर आई तो अल्बम उशाशी ठेवून निजायची.

२०१३ च्या पावसाळ्यात घराचे छत गळले आणि अल्बम भिजला. फोटो एकमेकांना चिकटले. भाऊ म्हणाला, “काही घाबरू नको माय, निगेटिव्हवरून दुसरे काढून आणतो.” तो त्या स्टुडिओच्या जागी गेला तर तिथे दुसरेच दुकान होते. विचारत विचारत जुन्या मालकांच्या घरी पोहोचला. त्यांच्या मुलाने पाणी दिले, बसवले आणि खाली मान घालून सांगितले, “दादा, दुकान खाली करताना सारी खोकी भंगारात देली.” भाऊ घरी आला. आईने काही विचारले नाही, त्यानेही काही सांगितले नाही.

खुर्चीवर बसलेली माणसे

आपल्या समाजाच्या दृष्टीने फोटो स्टुडिओ म्हणजे नुसते दुकान नव्हते. ज्या माणसाला गावात इतरांसमोर खाटेवर बसता येत नव्हते, चावडीपुढे अंग चोरून उभे राहावे लागत होते, तो शहरात येऊन पैसे मोजत असे आणि स्टुडिओतल्या कोरीव खुर्चीवर ताठ बसत असे. त्याच्या चेहऱ्यावर उजेड पाडला जाई. “हनुवटी थोडी खाली घ्या काका, हलू नका,” असे कुणी अदबीने सांगत असे. जन्माची तारीख ठाऊक नाही, सातबाऱ्यावर नाव नाही, अशा कितीतरी माणसांची जगात एकच नोंद उरली आहे आणि ती म्हणजे तो फोटो.

आणखी एक फोटो आपल्या भिंतींवर हमखास दिसतो. काळा गाऊन, डोक्यावर चौकोनी टोपी आणि हातात गुंडाळलेला कागद. घरातला पहिला पदवीधर! पदवीदान समारंभाला जाण्याइतके पैसे आणि सवड सर्वांनाच नसे. कित्येक स्टुडिओवाले गाऊन आणि टोपी दुकानातच ठेवत. १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज म्हणून सुरू झालेल्या अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयातला मुलगा असो, १९६९ साली स्थापन झालेल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठातला असो, तो निकाल घेऊन स्टुडिओत जाई, गाऊन चढवी आणि फोटो काढून घेई. तो फोटो घरात बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लागे. त्या दोन चौकटी शेजारी शेजारी पाहताना अंगठा उठवणाऱ्या आईला काय वाटत असेल, ते शब्दांत सांगणे कठीण आहे.

फिल्म महाग होती, म्हणून प्रत्येक फोटो मोलाचा होता. आगफा क्लिक-थ्री कॅमेऱ्यात एका रोलवर फक्त १२ फोटो निघत. पुढे ३५ मिलिमीटरच्या रोलवर ३६ निघू लागले, तरी माणसे मोजूनच बटण दाबत. चित्रपटाची फिल्म तर त्याहून महाग. १९५६ च्या डिसेंबरमध्ये बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण करण्यासाठी नामदेवराव व्हटकरांनी आपला छापखाना गहाण ठेवला. ती फिल्म त्यांनी विकत घेतली, धुतली, जपली, म्हणून पुढच्या पिढ्यांना तो जनसागर डोळ्यांनी पाहता आला. नोंद ठेवण्याची किंमत आपल्या माणसांनी अशी मोजली आहे.

अंधाऱ्या खोलीतले काम

स्टुडिओच्या मागे एक अंधारी खोली असे. तिथे मुलांना मज्जाव. फिल्म धुण्याचे काम पूर्ण काळोखात, बोटांच्या अंदाजाने चाले. आधी डेव्हलपर, मग हायपो, मग वाहत्या पाण्यात धुणे आणि दोरीवर चिमटे लावून वाळवणे. कागदावर छपाई करताना मात्र लाल दिवा चाले, कारण कृष्णधवल छपाईच्या कागदाला लाल उजेड बाधत नाही. ट्रेमध्ये बुडवलेल्या कोऱ्या कागदावर हळूहळू डोळे, मग केस, मग पूर्ण चेहरा उमटे. ज्याने हे एकदा पाहिले त्याला ते जन्मभर विसरता आले नाही.

वऱ्हाडात हे काम सोपे नव्हते. कृष्णधवल फिल्मचे डेव्हलपर साधारण २० अंशांवर वापरायचे असते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पाणी गरम झाले की फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगतो, मऊ पडतो, सुटूही लागतो. मग बर्फ आणून ट्रेभोवती ठेवायचा किंवा रात्री उशिरा, हवा जरा गार झाल्यावर कामाला बसायचे. काढलेल्या निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने देवीचे व्रण, सुरकुत्या झाकायच्या. हे कसब पुस्तकात शिकून येत नव्हते. पोऱ्या म्हणून दुकानात लागायचे, वर्षानुवर्षे ट्रे धुवायचे, तेव्हा कुठे उस्ताद हातात पेन्सिल देत असे.

फिल्म आणि कागद देशातच तयार व्हावेत म्हणून सरकारने १९६० साली तामिळनाडूत उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही कंपनी स्थापन केली. १९६७ साली तिथे उत्पादन सुरू झाले. तिच्या मालाचे नाव ‘इंदू’, म्हणजे चंद्र. ‘इंदू’चे डबे आपल्याकडच्या दुकानांतही मांडलेले असत.

रंग आले, लॅब आली

पुढे रंगीत फोटो आले. रंगीत फिल्म धुण्याची सी-४१ ही पद्धत १९७२ साली निघाली. तिचे डेव्हलपर ३७.८ अंशांवर ठेवावे लागते आणि फिल्म त्यात सव्वातीन मिनिटेच राहू द्यायची असते. तापमान जरासे ढळले तरी रंग बिघडतो. हे काम हाताने अचूक करणे अवघड, म्हणून यंत्रे आली. जपानी कंपन्यांची मिनिलॅब नावाची यंत्रे एका बाजूने रोल घेत आणि दुसऱ्या बाजूने रंगीत फोटो बाहेर टाकत. १९८० आणि १९९० च्या दशकांत आपल्या शहरांतही ‘कलर लॅब’च्या पाट्या झळकू लागल्या. काचेचा दरवाजा, एअर कंडिशनर आणि कोडॅक, कोनिका, फुजीचे पिवळे, निळे, हिरवे फलक. उन्हातून आत शिरले की गारेगार वाटे.

त्याच काळात हॉटशॉट आणि कोडॅक केबी-१० सारखे स्वस्त कॅमेरे आले आणि मध्यमवर्गीय घरात कॅमेरा दिसू लागला. कॅमेरा एकाचा असे, पण मागून नेणारे दहा. लग्न, बारसे, बदलीचा निरोप, चैत्यभूमीची सहल, कुठेही जायचे तर आधी दुकानात जाऊन रोल भरून घ्यायचा. परत आल्यावर रोल धुवायला द्यायचा. मग फोटो घ्यायला जायचे आणि दुकानाच्या पायरीवरच पाकीट उघडायचे. कुणाचे डोळे मिटलेले, कुणाचे डोके कापलेले. “हा पाय कोणाचा गं बाई?” म्हणून हसायचे.

दुकानदाराचाही हा भरभराटीचा काळ होता. १९९३ साली निवडणूक आयोगाने, टी. एन. शेषन मुख्य आयुक्त असताना, मतदारांना फोटोचे ओळखपत्र देण्याचा आदेश काढला. शिष्यवृत्तीचा अर्ज, रेशन कार्ड, बसचा पास, नोकरीचा अर्ज, प्रत्येकाला फोटो लागत होता. एका रोलमागे दुकानदाराला रोल विकण्याचे, धुण्याचे, छापण्याचे, मोठा फोटो करण्याचे, अल्बमचे आणि फ्रेमचे असे सहा ठिकाणी चार पैसे मिळत.

दुकान कसे बसले

गंमत अशी की, ज्या शोधाने फिल्म संपवली तो शोध फिल्म बनवणाऱ्या कंपनीतच लागला. १९७५ साली अमेरिकेत कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. एक फोटो कॅसेटवर साठवायला त्याला २३ सेकंद लागत. कंपनीचा सारा नफा फिल्ममध्ये होता, त्यामुळे या कॅमेऱ्याकडे तिने मनापासून लक्ष दिले नाही. २००० नंतर डिजिटल कॅमेरे स्वस्त झाले, पाठोपाठ मोबाइलमध्ये कॅमेरा आला. २००५ साली आगफाफोटो कंपनी दिवाळखोर झाली. २००६ साली कोनिका-मिनोल्टाने फोटोचा धंदा सोडत असल्याचे जाहीर केले. २०१२ च्या जानेवारीत खुद्द कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. उटीची ‘इंदू’ तर १९९० च्या दशकातच आजारी उद्योग ठरली होती, पुढे तीही बंद पडली.

मोठ्या कंपन्यांच्या बातम्या वर्तमानपत्रात आल्या. अमरावती-अकोल्याच्या लॅबवाल्यांची बातमी कुठे येणार? आणि त्यांची अडचण वेगळीच होती. धंदा निम्मा झाला तर कपड्याचा दुकानदार निम्म्या धंद्यावर तग धरतो. लॅबवाल्याला तसे करता येत नव्हते. लाखो रुपयांचे यंत्र, अनेकदा कर्जाने घेतलेले. त्यातली रसायने रोज भरपूर रोल पडले तरच ताजी राहतात. रोल कमी आले की रसायन हवेने खराब होते, मग फोटोचे रंग बिघडतात, मग गिऱ्हाईक नाराज होते आणि रोल आणखी कमी होतात. एक रोल आला तरी यंत्र तापवायचे, वीज जाळायची. म्हणून या लॅब हळूहळू आटल्या नाहीत, बघता बघता बसल्या. कालपर्यंत लग्नसराईत रात्रभर चालणारे यंत्र पुढच्या काही वर्षांत भंगाराच्या भावाने गेले.

लग्नाचे काम राहिले, पण त्याला दुकान लागेना. कॅमेरा खांद्याला, संगणक घरी आणि करिझ्मा अल्बमची छपाई मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये. ओळखपत्राचा धंदाही गेला. २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी पहिले आधार कार्ड दिले गेले. तिथे नोंदणीच्या टेबलावरच कॅमेरा होता. फोटो घरून न्यायची गरजच उरली नाही.

जे टिकले त्यांनी दुकानाचे रूप बदलले. आता तिथे झेरॉक्स निघते, लॅमिनेशन होते, मगावर फोटो छापून मिळतो. स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरणारी मुले येतात आणि म्हणतात, “काका, फोटो पन्नास केबीच्या आत बसवून द्या.” ज्या हाताने निगेटिव्हवरच्या सुरकुत्या पुसल्या, तो हात आता माऊसने फोटोचे वजन कमी करतो. त्यात कमीपणा नाही. काळाप्रमाणे बदलून घर चालवणाऱ्या या माणसांचे कौतुकच करायला हवे.

निगेटिव्ह कुठे गेल्या?

दुकान बंद होणे हा धंद्यातला चढउतार झाला. पण दुकानासोबत जे गेले ते फक्त मालकाचे नव्हते. माळ्यावर, खोक्यांत, रजिस्टरमधल्या नंबराप्रमाणे लावलेल्या त्या निगेटिव्ह म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या माणसांचे चेहरे होते. कृष्णधवल निगेटिव्हमध्ये चेहरा उमटतो तो चांदीच्या बारीक कणांनी, म्हणून ती चांदी काढणारे अशा मालाचे गिऱ्हाईक असतात. रंगीत निगेटिव्हमध्ये चांदी उरत नाही, तिला कुणी विचारत नाही, ती थेट कचऱ्यात जाते. आपल्या आजीचा चेहरा कुठेतरी चांदीच्या दोन कणांसाठी वितळवला गेला असेल, ही कल्पना करवत नाही.

कुणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये हजारो फोटो आहेत, मग चिंता कसली? पण हजार फोटोंपैकी कागदावर किती आले? मोबाइल हरवला, पाण्यात पडला, की दोन वर्षांचे आयुष्य पुसले जाते. आजोबांचा एकच फोटो साठ वर्षे टिकला. नातवाचे हजार फोटो साठ वर्षे टिकतील का, याची खात्री कुणी द्यावी?

भगिनींनो, एवढे करा

घरातल्या वस्तू जपण्याचे काम बहुधा बायकांच्या हाती असते, म्हणून हे चार शब्द मुख्यतः त्यांच्यासाठी.

पहिले काम नावांचे. फोटोतली माणसे ओळखणारी म्हातारी माणसे हयात आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा. कोण, कुणाचे कोण, गाव कोणते, साल साधारण कोणते, हे फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेनने लिहू नका, त्याचा दाब पुढे उमटतो. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नसेल तर चिठ्ठीवर लिहून फोटोसोबत पाकिटात ठेवा. नाव नसलेला फोटो दोन पिढ्यांनी परक्याचा होतो.

दुसरे, रंगीत फोटोंची घाई करा. कृष्णधवल फोटो नीट धुतलेला असेल तर फार टिकतो. रंगीत फोटोतला रंग मात्र उन्हाने, उष्णतेने उडत जातो. म्हणजे आजीच्या फोटोपेक्षा ताईच्या लग्नाचा फोटो आधी जाण्याची भीती आहे. चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो पिवळे पडतात, सहज निघत असतील तर काढून कागदी पाकिटात ठेवा. फोटोचे लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा निघत नाही.

तिसरे, फोटो भिजले तर उन्हात टाकू नका. ओले असतानाच स्वच्छ थंड पाण्यात ठेवून अलगद सुटे करा आणि सावलीत, चेहरा वर ठेवून वाळवा. तसबिरीच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेवरूनच त्याचा फोटो घ्या.

चौथे, निगेटिव्ह फेकू नका. कडेला धरून पांढऱ्या उजेडासमोर ठेवा, मोबाइलने फोटो घ्या आणि रंग उलटे करा, चित्र सरळ दिसते. घरातले कोणतेही कॉलेजचे पोर हे करून देईल. ओळखीचा स्टुडिओ बंद होत असेल तर मालकांना भेटून आपल्या निगेटिव्ह मागा. ते नाही म्हणणार नाहीत.

आणि पाचवे, प्रत्येक महत्त्वाच्या फोटोची एक प्रत दुसऱ्या घरी, दुसऱ्या गावी ठेवा. विहारात एखादा रविवार ठरवावा. ज्याने त्याने आपली पेटी घेऊन यावे, वडीलधाऱ्यांनी नावे सांगावीत, मुलांनी लिहून घ्यावीत आणि फोटोचे फोटो काढावेत. खर्च काही नाही, नुसता वेळ द्यायचा आहे.

प्रत दुसऱ्या गावी ठेवा असे मी म्हणते त्याला कारण आहे. आई गेल्यानंतर आम्ही आत्याला भेटायला मूर्तिजापूरला गेलो होतो. चहा झाल्यावर आत्याने पेटी उघडली आणि रुमालात बांधलेले एक पाकीट काढले. ताईच्या लग्नानंतर वडिलांनी तिला चार फोटो जास्तीचे छापून दिले होते. “तुह्या बापानं देले होते, म्हणे ठेव तुह्यापाशी,” ती म्हणाली. तिसरा फोटो वडिलांचा होता. हसताना.

त्याच्या आता पाच प्रती आहेत, पाच घरी. आई असताना तो सापडला असता तर बरे झाले असते, एवढेच राहून गेले. तुमच्या आईवडिलांच्या बाबतीत तरी तसे राहू नये. आज रात्री जेवणे झाली की पेटी उघडा.